जेवलात का?

गेल्या फाल्गुनातील एका तापलेल्या दुपारी शाहूपुरीतील माझ्या माहेरच्या घराची बेल वाजली. आई आतल्या खोलीत पडली होती आणि वहिनी गच्चीवर कुरडया उलटत होती, म्हणून दार मी उघडले. दारात पंचेचाळिशीच्या आसपासच्या एक बाई उभ्या होत्या. अंगावर इस्त्रीची मोतिया रंगाची सुती साडी, खांद्याला पर्स, हातात कापडी पिशवी. चेहरा प्रवासाने सुकलेला होता, पण साडीच्या निऱ्या नुकत्याच, बहुधा एसटी स्टँडवरच, पुन्हा नीट केलेल्या दिसत होत्या. त्यांनी माझ्या दादाचे पूर्ण नाव घेतले आणि हे त्यांचेच घर ना, असे विचारले. मी हो म्हटले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे उजळले ते मी विसरू शकलेले नाही, कारण पुढच्या पाच मिनिटांत ते माझ्या डोळ्यांदेखत विझले.

दादा सोमवारीच रजेवर आला आहे, असे त्यांना कळले होते. प्रत्यक्षात दादा त्या दिवशी ईशान्येत आपल्या पलटणीबरोबर होता आणि त्याची रजा मे महिन्यात होती. मी तसे सांगितल्यावर त्यांनी गडबडीने मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. त्यावर दादाचाच फोटो होता. गणवेशातला, आमच्या याच दाराशी उभा राहून काढलेला, मागे अजिंक्यताऱ्याची कड दिसणारा. तेवढ्यात वहिनी भाच्याला घेऊन जिन्यावरून खाली आली. या कोण, असे बाईंनी विचारले, आणि या माझ्या वहिनी, दादाच्या पत्नी, असे मी सांगितले. बाई म्हणाल्या, "पण त्यांची पत्नी तर..." आणि तिथेच थांबल्या. वहिनीच्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे, मुलाच्या दादासारख्याच रुंद कपाळाकडे आणि मग स्वतःच्या हातातल्या फोटोकडे त्यांनी एकदा पाहिले. काय घडले असावे हे त्या क्षणी आम्हा तिघींनाही कळले होते. तरीही मी बोलले.

"शिकलेल्या दिसता तुम्ही. एवढंही कळलं नाही तुम्हाला?"

बाईंनी काहीच उत्तर दिले नाही. त्यांनी फक्त पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला, जणू एकाएकी थंडी वाजू लागली होती. बोलणे ऐकून आई उठून बाहेर आली. तिला त्यातले काहीच कळले नव्हते, आणि कदाचित म्हणूनच तिने योग्य तेच केले. "उन्हातून आलीस बाई, आधी आत ये," असे म्हणून तिने त्यांचा हात धरला, पलंगावर बसवले, आणि वहिनीला माठातले पाणी आणि गुळाचा खडा आणायला सांगितले. पाणी पिऊन झाल्यावर बाईंनी पिशवीतून एक पुडी काढली. आत हिरवट, टपोरे बेदाणे होते. "त्यांच्या आईंसाठी आणले होते," त्या म्हणाल्या, आणि क्षणभर घुटमळून त्यांनी ती पुडी माझ्या आईच्या हातात दिली. त्यानंतर त्यांनी विचारले, "आता गुडघे कसे आहेत तुमचे?"

आईचे गुडघे कधीच दुखले नव्हते.

त्या तासगावकडच्या. पती जाऊन सहा वर्षे झालेली, मूलबाळ नाही. सकाळी एका खाजगी बालवाडीत शिकवायचे आणि हंगामात दिरांच्या शेडवर बेदाणा निवडायला बसायचे, असे त्यांचे दिवस. समाजमाध्यमावर दादाच्या नावाने आलेली मैत्रीची विनंती त्यांनी आधी दोनदा नाकारली होती. तिसऱ्या वेळी स्वीकारली, ती गणवेश पाहून. सुरुवातीला रोज सकाळी एक सुविचार आणि रात्री आठ वाजता एक प्रश्न येत असे : जेवलात का? त्यांनी हे सांगितले तेव्हा वहिनीने मान खाली घातली. त्या घरात एकट्या बाईला रात्री आठ वाजता हे विचारणारे दुसरे कोणी नव्हते, एवढे समजायला आणखी काही ऐकावे लागत नव्हते. पुढे फोन येऊ लागले. बोलणे निम्मे हिंदीत असे, पण 'वीस वर्षे फौजेत काढली, मराठी जिभेवरून उतरली' हे कारण त्यांना पटले होते. व्हिडिओ कॉल कधीच झाला नाही, कारण 'सीमेवर परवानगी नाही'. खरा सैनिकही हेच सांगतो. आमच्या दादाचेही महिना-महिना दर्शन होत नाही.

पैशांची गोष्ट तिसऱ्या महिन्यात निघाली आणि तीसुद्धा मागणी म्हणून निघाली नाही. आईच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे, आपले खाते तांत्रिक कारणाने गोठले आहे, कोणाकडे हात पसरायची सवय नाही, असे नुसते दुःख सांगितले गेले. पैसे पाठवू का, हे बाईंनीच विचारले. नंतर बदलीचा खर्च आला, अपघात आला, आणि शेवटी साताऱ्याला येऊन लग्नाचे बोलता यावे म्हणून रजा मंजूर करून घेण्याचे 'शुल्क' आले. सैनिकाला स्वतःच्या रजेसाठी एक रुपयाही भरावा लागत नाही, हे आमच्या घरातले शेंबडे पोरही सांगेल, पण ज्या घरातून कोणी फौजेत गेलेले नाही तिथे हे कोणी सांगायचे? प्रत्येक वेळी खाते वेगळ्याच नावाचे असे आणि ते 'युनिटच्या हिशेबनिसाचे' आहे असे सांगितले जाई. सात महिन्यांत तीन लाख चाळीस हजार रुपये गेले. त्यात पतीच्या विम्याच्या पैशांतले उरलेले होते आणि गहाण ठेवलेल्या चार बांगड्या होत्या. रजेचे शुल्क भरल्यावर फोन बंद झाला. बाईंना वाटले, माणूस प्रवासात असेल. दोन दिवस वाट पाहून त्या तासगावहून कराड आणि कराडहून सातारा अशा दोन एसट्या बदलून आल्या.

शाहूपुरीच्या कोपऱ्यावर त्यांनी चहाच्या गाड्यावर मोबाइलमधला फोटो दाखवला होता. चहावाला म्हणाला, हे तर आपले मेजर, पुढच्या बोळात दुसरे घर. वाण्याने तेच सांगितले. बोळात खेळणाऱ्या मुलांनी तर दारापर्यंत आणून सोडले. ज्या माणसाने त्यांना सात महिने खोटे सांगितले, त्याचे म्हणणे त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या प्रत्येकाने खरे ठरवले होते. आमच्याकडे फौजेतल्या कोणालाही प्रेमाने मेजरच म्हणतात. दादा हवालदार आहे, फोटोत त्याच्या बाहीवर तीन फिती स्पष्ट दिसतात, आणि मेजरच्या खांद्यावर राजमुद्रेचे सिंह असतात. ही बारीक विसंगती ओळखायला साताऱ्यात जन्मावे लागते, आणि साताऱ्यात जन्मलेला चहावालासुद्धा त्यांना 'मेजर' असेच म्हणाला. मग एवढंही कळलं नाही, हे मी कोणत्या तोंडाने विचारले?

साताऱ्यात गणवेशावर विश्वास ठेवायला कोणी शिकवावे लागत नाही. इथून जवळच्या अपशिंग्याच्या नावापुढे सरकारदरबारीसुद्धा 'मिलिटरी' लागते. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान परत आले नाहीत. देशातले पहिले सैनिक स्कूल १९६१ साली याच शहरात निघाले. लहानपणी आम्ही एसटी स्टँडवर उभे राहायचो तेव्हा काळी ट्रंक खांद्यावर घेऊन उतरणाऱ्या अनोळखी फौजीलाही रिक्षावाले आधी बसवून घ्यायचे. आमच्या बैठकीच्या खोलीत देवांच्या तसबिरींच्या ओळीतच आजोबांचा गणवेशातला फोटो लावलेला आहे, आणि दसऱ्याला देवांबरोबर त्यालाही झेंडूची माळ पडते. स्टुडिओत काढलेला तो एकच फोटो आजीने कित्येक वर्षे ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात जपून ठेवला होता. कोणाला दाखवायचा असेल तर ती हात धुऊन बसायची.

आजीला लिहिता येत नव्हते. आजोबांची पत्रे पोस्टमन ओट्यावर बसून वाचून दाखवायचा आणि तिची उत्तरे शेजारचा शाळकरी मुलगा लिहायचा. 'तब्येतीस जपावे' हे वाक्य त्या मुलाचे होते, ते तिला सुचले नसते. ती नुसती सांगायची, विचार त्यांना, भाकरी मिळते का. म्हणजे आमच्या घरात प्रेमाचे शब्द दुसऱ्याच्या हातून लिहिले जाण्याची नवलाई नव्हती. आपण जिच्याशी बोललो ती मजकुरामागे नव्हतीच, असे आजोबांना कधी वाटले नाही, कारण अक्षर परके असले तरी भाकरीची काळजी तिचीच होती. त्या बाईंकडे आलेल्या शब्दांचे हेच मला सर्वांत क्रूर वाटते. 'जेवलात का' हा प्रश्न इतका आपला आहे, दारात आलेल्याला आपण नावाआधी तोच विचारतो, आणि ज्याने तो दोनशे रात्री विचारला त्याला उत्तराची गरजच नव्हती.

आता मला न लिहिता पुढे जाता येणार नाही अशी गोष्ट. तो फोटो मी काढला होता. २०१९ च्या स्वातंत्र्यदिनी दादा रजेवर होता आणि शाळेने त्याला झेंडावंदनाला बोलावले होते म्हणून त्याने गणवेश चढवला होता. निघताना दारात उभे करून मी त्याचा फोटो घेतला आणि समाजमाध्यमावर टाकला. खाली त्याचे पूर्ण नाव लिहिले, शाहूपुरी, सातारा असे लिहिले, आणि आमच्या आईचा मेजर, असेही मीच लिहिले. २०२० च्या जुलैत लष्कराने आपल्या लोकांना ८९ अ‍ॅप मोबाइलमधून काढून टाकायला सांगितली, तेव्हा दादाने त्याच दिवशी स्वतःचे खाते पुसले. माझ्या खात्यावरचा फोटो मात्र तसाच राहिला, सगळ्या जगाला उघडा. चोराला भिंत फोडावी लागली नाही. मी त्याला पाटीसकट दार दाखवले होते. बाई निघून गेल्यावर भाच्याने तो फोटो गूगल लेन्सवर शोधला, तेव्हा आणखी तीन खाती सापडली. एकात दादा डॉक्टर होता, दुसऱ्यात त्याचे आडनाव उत्तरेकडचे होते, आणि तिसऱ्यात फोटो अर्धा कापून गणवेशातला चेहरा तेवढा ठेवलेला होता. ती खाती बंद व्हावीत म्हणून आम्ही तिघांनी तक्रारी पाठवल्या. एक बंद झाले. दुसऱ्याबद्दल, त्यात नियमांचा भंग आढळला नाही, असे उत्तर आले.

दादाला फोनवर हे सांगितले तेव्हा पलीकडे इतका वेळ शांतता होती की लाइन तुटली असे मला वाटले. मग त्याने विचारले, त्या बाई घरी नीट पोहोचल्या का. माझ्यावर तो रागावला नाही. रागावला असता तर मला बरे वाटले असते. मे महिन्यात आल्यावर मात्र एका रात्री गच्चीवर तो म्हणाला, आता बाजारात कोणी बाई जरा निरखून पाहायला लागली की माझी मान खाली जाते, न जाणो तिलाही मी काही कबूल केलेले असेल. अमेरिकेच्या लष्करातून निवृत्त झालेल्या कर्नल ब्रायन डेनी यांची छायाचित्रे अशीच हजारो खोट्या खात्यांवर वापरली गेली आणि त्यांनी पुढे या प्रकाराविरुद्ध संस्थाच उभी केली, हे मी त्याला वाचून दाखवले. त्याने ऐकून घेतले. त्याचा त्याला काही उपयोग झाला असे मला वाटले नाही. वहिनीनेही मला नंतर एकदा भांडी पुसता पुसता सांगितले की सगळे समोर स्पष्ट असूनही पहिल्या आठवड्यात तिने एका रात्री दादाचे जुने संदेश चाळले होते. तिला त्याची लाज वाटत होती. बाईंचे नुकसान निदान रुपयांत मांडता आले. पण आमच्या घरात जे शिरले आणि कित्येक दिवस कोपऱ्यात बसून राहिले, त्याला मला आजही नाव देता येत नाही.

तक्रार बाईंनी केली आणि दादाच्या वतीने आम्हीही केली. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक मीच त्यांना लावून दिला. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत हा फोन झाला तर पैसे ज्या खात्यांतून पुढे सरकत असतात तिथेच ते अडवता येतात, पण ही खाती बहुधा भाड्याने घेतलेली असतात आणि रक्कम मिनिटामिनिटाला तुकडे होऊन पुढे जात राहते. बाईंचा शेवटचा हप्ता जाऊन पाच दिवस झाले होते. तीन लाख चाळीस हजारांपैकी अकरा हजार कुठेतरी अडकलेले सापडले. तक्रार घेणाऱ्या माणसाने दादाच्या अर्जावर विचारले, तुमचे किती रुपये गेले? काहीच नाही, असे सांगितल्यावर त्याने पेन खाली ठेवले. दुसऱ्याची ओळख चोरणे आणि संगणकाच्या साहाय्याने दुसराच कोणी असल्याचे भासवून फसवणे, या दोन्हींसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६ क आणि ६६ ड ही कलमे आहेत, प्रत्येकी तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, असे मी घरून वाचून गेले होते. तो माणूस उद्धट नव्हता. रुपयांचा रकाना रिकामा असलेला अर्ज पुढे कसा न्यायचा, हे त्याला खरोखरच कळत नव्हते.

तिथल्याच बाकावर बसलेल्या दोघांनी बाईंची हकीकत ऐकली आणि ते एकमेकांकडे पाहून हसले. ते हसू माझ्या ओळखीचे होते. दाराशी मी बोलले त्या वाक्याच्या तळाशी तेच होते. २०२५ च्या जानेवारीत फ्रान्समधल्या एका बाईंची कथा दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. ब्रॅड पिटच्या नावाने आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या त्याच्या इस्पितळातल्या फोटोंनी त्यांच्याकडून ८ लाख ३० हजार युरो उकळले होते. त्यानंतर देशभरातून त्यांची इतकी टिंगल झाली की वाहिनीला तो कार्यक्रमच मागे घ्यावा लागला. म्हणजे पॅरिस असो की सातारा, आधी हसू येते. घरफोडी झालेल्या माणसाला आपण असे हसत नाही. मला वाटते, अशा बाईला हसताना आपण स्वतःलाच धीर देत असतो की आपण तिच्यासारखे नाही, आपल्याला रात्री आठ वाजता कोणाच्या प्रश्नाची वाट पाहावी लागत नाही.

त्या फोनमागे कोण होता, हे आम्हाला कधीच कळले नाही. सैनिक असल्याचे सांगून जुन्या वस्तूंच्या व्यवहारात लोकांना लुबाडणाऱ्या टोळ्या भरतपूर, अलवर, नूंह या पट्ट्यात अनेकदा पकडल्या गेल्या आहेत. तिथलाच कोणी असेल. किंवा आणखी दूर, म्यानमारमधल्या एखाद्या तारांच्या कुंपणाआड बसलेला असेल. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०२३ मध्ये म्हटले होते की म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख माणसांना डांबून त्यांच्याकडून असली कामे करवून घेतली जात असावीत. २०२५ च्या मार्चमध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा अड्ड्यांतून सुटलेले साडेपाचशेच्या आसपास भारतीय परत आणले, आणि त्यांतले बरेच जण चांगल्या नोकरीच्या आशेने गेलेले तरुण होते. हे वाचल्यावर काही दिवस मला त्या अज्ञात माणसाचा धड रागही करता येईना. त्याला स्वतःला त्या रात्री कोणी जेवायला दिले असेल का, असा विचार मनात येई. पण मग चार बांगड्या आठवत आणि तो विचार मी बाजूला सारत असे. ज्याला सक्ती आहे तो पैसे मागेल, हे मी समजू शकते. एखाद्याच्या आईच्या गुडघ्यांची काळजी दुसऱ्या बाईच्या मनात रुजवायला किती बारकावा लागतो, तो मात्र मला अजून समजत नाही.

श्रावणात एकदा बाईंचा फोन आला. तक्रारीचे पुढे काही झाले का, एवढेच विचारायला त्यांनी तो केला होता, पण नंतर त्या बोलत राहिल्या. दिरांना त्यांनी अजून सांगितलेले नाही. बांगड्या कुठे गेल्या, असे जाऊबाईंनी विचारले तेव्हा बँकेच्या लॉकरमध्ये आहेत, असे सांगितले. "पैसे गेले त्याचं दुःख आहेच हो," त्या म्हणाल्या, "पण आठ वाजले की अजूनही फोनकडे हात जातो. तो खोटा होता हे कळतं. मी तर खोटी नव्हते ना? मी खरंच काळजी केली होती. ती आता कुठे ठेवू?" मी त्यावर काहीतरी बोलले. काय बोलले ते आठवत नाही, त्यात अर्थ नव्हता एवढे आठवते.

तेव्हापासून त्यांना संदेश पाठवावा असे मला अनेकदा वाटले. एका रात्री आईला वाढून झाल्यावर मी फोन घेतला आणि इतर कोणालाही लिहिले असते तसे सहज लिहिले, जेवलात का? पाठवण्याआधी माझी नजर घड्याळावर गेली. आठ वाजून गेले होते. मी ती दोन शब्दांची ओळ पुसून टाकली. मग दुसरे काय लिहावे ते सुचेना. कशा आहात, हे परके वाटले, काय चाललंय, हे उथळ वाटले. फोन हातात धरून मी बराच वेळ स्वयंपाकघरात उभी होते आणि समोर फळीवर तो बेदाण्यांचा डबा होता. आईने पुडी त्याच दिवशी डब्यात ओतून ठेवली होती. ती त्यातले चार दाणे रोज सकाळी भिजवलेल्या बदामांबरोबर खात होती. पहिले काही दिवस वहिनीने त्या डब्याला हात लावला नाही. मग गोकुळाष्टमीच्या शिऱ्यात तिनेच मूठभर घातले.

दिवाळीत मी शेवटी फोन लावला. आधी फराळाचे वगैरे बोलून झाले. मग मी म्हणाले, त्या दिवशी दारात मी तुम्हाला जे बोलले, ते मी बोलायला नको होते. आणि तो फोटोही मीच टाकला होता, हे तुम्हाला अजून कोणी सांगितलेले नाही. पलीकडे कोणीतरी सूप पाखडत होते, तो आवाज तेवढा येत राहिला.

"आईंना बेदाणे आवडले का?" थोड्या वेळाने त्यांनी विचारले.

डबा तळाला गेला आहे, असे मी सांगितले.

"नवा माल फाल्गुनात येतो," त्या म्हणाल्या. "तोवर पुरवा."